टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आयएनआर घसरला

ताई, तुमच्या आईंच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह (झडप) धातूचा आहे, सहा वर्षं वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितकं रक्त लवकर गोठतं) कायम २.५ ते ३.५ मध्ये असायचा. टीबीची औषधं सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रिपोर्ट ठीक होता, तिसऱ्या आठवड्यात थेट १.४. दुकानदाराने बनावट गोळ्या दिल्या का, असं तुम्ही विचारलंय.

आधी महत्त्वाचं. १.४ हा आकडा धातूच्या व्हॉल्व्हसाठी धोक्याचा आहे, गुठळी होऊ शकते. हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा, सोमवारची वाट पाहू नका. टीबीची औषधं मात्र स्वतःहून थांबवू नका.

आता कारण. मी रुग्णालयाच्या औषध विभागात बरीच वर्षं काढली, आणि तुमची हकीकत वाचताना मला पहिला संशय टीबीच्या औषधांतल्या रिफाम्पिसिनचाच आला. पहिला आठवडा ठीक गेला, यातच खूण आहे.

वॉरफरिन मूत्रपिंडातून सहज बाहेर पडत नाही. आधी यकृताच्या पेशीतली एन्झाइम (रासायनिक बदल घडवणारी प्रथिनं) त्याच्यावर ऑक्सिजन चढवून त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करतात. या एन्झाइमच्या कुटुंबाला सायटोक्रोम पी४५० म्हणतात (कार्बन मोनॉक्साइडशी जोडलं गेलं की ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं, म्हणून हे नाव). गोळीत वॉरफरिनची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं असतात. त्यातलं जास्त जोरकस रूप मुख्यतः याच कुटुंबातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम निकामी करतं.

रिफाम्पिसिन या एन्झाइमला हातही लावत नाही. ते पेशीतल्या पीएक्सआर नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. मग केंद्रकातल्या जनुकांचं वाचन वाढतं आणि पेशी जास्त एन्झाइम तयार करू लागते. नवं प्रथिन घडून साठायला वेळ लागतो, पूर्ण परिणाम दिसायला साधारण एक ते दोन आठवडे. म्हणूनच आधीचा रिपोर्ट चांगला होता. गोळी तीच, मात्रा तीच, फक्त ती साफ करणारे हात वाढले. त्याच पुडक्यातलं आयसोनियाझिड काही एन्झाइमना उलट अडवतं, पण या जोडीत सरशी रिफाम्पिसिनचीच होते.

अडवणाऱ्या औषधांची गोष्ट वेगळी. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल सीवायपी२सी९च्याच कामात आडवं येतं. तिथे नवं काही घडायचं नसतं, त्यामुळे काही दिवसांतच आयएनआर चढतो. अशी गोळी कुणी लिहून दिली तर वॉरफरिन चालू आहे हे आवर्जून सांगा.

डॉक्टर बहुधा वॉरफरिन वाढवतील. कधी मात्रा दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त होते, घाबरू नका, पण स्वतः वाढवू नका. आयएनआर वारंवार करावा लागेल. मात्रा जुळेपर्यंत रक्त पातळ करणारं इंजेक्शन लागेल का, तेही डॉक्टरच ठरवतील. तुमच्या शेजाऱ्यांनी सुचवलेल्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या धातूच्या व्हॉल्व्हला चालत नाहीत, आणि रिफाम्पिसिन त्यांचाही असर कमी करतं.

मला खरी काळजी कोर्स संपतानाची आहे. एका आजोबांचं मी पाहिलंय: सहा महिने झाले, टीबी बरा झाला, रिफाम्पिसिन थांबलं, पण वॉरफरिन वाढवलेलंच राहिलं. जादा एन्झाइम दोन-तीन आठवड्यांत ओसरलं, वॉरफरिन अंगात साचत गेलं आणि आजोबा नाकातून थांबेना असं रक्त घेऊन आले. म्हणून शेवटच्या डोसची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या आधीच दोन्ही डॉक्टरांना विचारून पुढच्या आयएनआरच्या तारखा ठरवून घ्या.

लघवी नारिंगी होतेय, रक्त तर नाही ना, असंही तुम्ही लिहिलंय. नारिंगी रंग रिफाम्पिसिनचाच. पण लाल किंवा चहासारखी गडद लघवी, डांबरासारखी काळी शौच, हिरड्यांतून रक्त, डोळ्यांत पिवळेपणा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.