बाराखडी तोंडपाठ, पण वाचन अडते

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी बाराखडी घडाघडा म्हणते, पण 'कमळ' हा शब्द 'क, म, ळ' असा तोडून वाचते आणि मग शेजारचे चित्र पाहून अंदाजाने काहीतरी सांगते. लिहिताना 'आबा', 'पाणि', 'फुल' अशा चुका होतात. चुकलेला प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून घ्यावा का?

उत्तर : कृपया तसे करू नका. दोन-तीन ओळींनंतर मूल शब्द लिहीत नसते, वरची ओळ उतरवत असते.

बाराखडी म्हणणे हे बरेचसे चालीवरचे पाठांतर असते. 'कि' हे अक्षर एकटे दाखवा. 'क, का' पासून सुरुवात केल्याशिवाय तिला ते ओळखता आले नाही, तर अक्षर आणि उच्चार यांची सांगड अजून बसलेली नाही, असे समजावे. 'कमळ'मध्ये आणखी एक अडचण आहे. सुटे 'ळ' म्हणताना त्यात 'अ' असतो, पण बोलताना शब्दाच्या शेवटचा हा 'अ' आपण उच्चारत नाही. त्यामुळे 'क, म, ळ' कितीही भरभर म्हटले, तरी मुलीला त्यातून ओळखीचा शब्द ऐकू येत नाही. 'क'वर बोट ठेवून आधी 'मळ' वाचून घ्या, मग बोट उचला. चित्र तोवर झाकलेले असू द्या आणि वाचून झाल्यावर पडताळ्यासाठी उघडा.

तिच्या तिन्ही चुका मात्र एका जातीच्या नाहीत. 'आबा' ही कानाची चूक आहे : 'आंबा' सावकाश म्हणताना 'ब'च्या आधी ओठ मिटून नाकातून येणारा आवाज तिला जाणवू द्या, म्हणजे अनुस्वार कशासाठी आहे हे तिचे तिलाच उमगेल. 'पाणि' लिहिताना तिने ऐकण्यात काहीच चूक केलेली नाही, कारण मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा कानाला कळतच नाही. येथे सरळ सांगावे, की मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी सहसा दुसरी असते. 'फूल' आणि 'फुलाला', 'मूल' आणि 'मुलाला' या जोड्या शेजारी लिहून फरक तिलाच शोधू द्या. 'उपान्त्य' (शेवटून दुसरे अक्षर) हा शब्द या वयात नको.

काही महिने असा सराव करूनही अक्षरे जुळत नसतील, तर तिला आळशी ठरवण्याआधी कान व डोळे तपासून घ्यावेत आणि शिक्षकांच्या सल्ल्याने वाचन-अक्षमतेची चाचणी करून घ्यावी.