लोअर आर्मचे नुसते बुश घरी बदलता येतात का?

मेकॅनिक अख्खा आर्म बदला म्हणतोय, घरी प्रेस (बुश दाबून बसवायचं यंत्र) नाही, आणि मागच्या वेळी टाकलेले बुश वर्षभरही टिकले नाहीत असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचलं आणि गप्प बसवेना.

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे तो जिथे सांगाड्याला बोल्टने जोडतात तिथले रबराचे गोल तुकडे. ते येतात बदलता. मी बदललेत. पण बुश बसवणं जमतंच हो, खरी चूक होते ती बोल्ट आवळताना.

माझ्या गाडीचे मूळचे बुश नऊ वर्षं चालले, गाडी बहुतेक मीच चालवायचे. मग ब्रेकरवर टक टक आवाज, ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय, म्हणून गॅरेजमध्ये दोन्हीकडचे बदलून घेतले. सात महिन्यांत परत तोच आवाज! मेकॅनिक म्हणाला मॅडम तुम्ही गाडी आदळता. तो म्हणणारच, पण घरी दादाचंही तेच, "तुझा पाय ब्रेकवर उशिरा जातो, बुश काय करतील बिचारे." नऊ वर्षं माझा पाय बरोबर होता आणि सात महिन्यांत बिघडला का? फार लागलं मला ते.

मग मी स्वतःच कामाला लागले. बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटवलेलं असतं, ते बेअरिंगसारखं फिरत नाही, नुसतं पिळतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये जाम होते. गाडी लिफ्टवर, चाक खाली लटकतंय आणि तशातच बोल्ट फुल टाइट केला तर गाडी जमिनीवर आल्या आल्या रबर पिळतं आणि मग उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहतं, वरून खड्ड्यांचे धक्के. फाटणारच ना. खात्री करायची म्हणून पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे वजन चाकांवरच, आणि जो बुश कमी फाटला होता त्याच्या नळीवर आणि ब्रॅकेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली. बोल्ट सैल केला तशी कट्ट आवाज आला आणि रेघ तुटली, नळी आपोआप फिरली. चाक लटकवूनच आवळले होते ते बोल्ट.

तुमच्या प्रेसचं म्हणाल तर लांब आटे असलेला रॉड, दोन नट, जाड वॉशर, बुशच्या बाहेरच्या कड्याएवढा सॉकेट आणि दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा पाइपचा तुकडा, एवढ्यावर होतं. जोर कड्यावरच आला पाहिजे, रबरावर नाही. जुना निघत नसेल तर रबर ड्रिलने पोखरून काढा आणि कडं आतून हॅकसॉने कापा, आर्मला ब्लेड लागायच्या आधी थांबा. जाळून काढू नका, फार घाणेरडा धूर होतो. नवा कुठल्या दिशेला तोंड करून बसतो त्याची खूण आधीच करून ठेवा, काही बुशना मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात.

आणि गाडी उचलायच्या आधी चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून ठेवा. बोल्ट हाताने बसवा, मग बॉल जॉइंटजवळ (आर्मचा चाकाकडचा सांधा) आर्मखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत उचला आणि तेव्हाच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) फायनल आवळा. माझे या पद्धतीने बसवलेले बुश चार वर्षं झाली चालू आहेत, गाडी मीच चालवते.

हो, आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका, स्टँड पाहिजेतच. रबराला ऑइल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं, साबणाचं पाणी पुरतं. नंतर चाकांची अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. बोल्ट उभा असलेल्या बुशला हा पिळाचा प्रकार तेवढा लागू नाही, आडव्या बोल्टवाल्याला लागू. पॉलियुरेथेनचे बहुतेक बुश नळीवर फिरतात, त्यांचंही वेगळं. आणि बॉल जॉइंटही हलत असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, अख्खा आर्मच टाका.

दादाला त्या तुटलेल्या रेघेचा फोटो दाखवला होता. त्याचं अजूनही म्हणणं की गॅरेजवाल्याने पार्टच हलका टाकला असणार. पार्ट तोच होता, त्याच नंबरचा, मी दुसऱ्यांदा आणताना जुना सोबत नेऊन ताडून घेतला होता.