पुरावा गोळा करण्याआधी मुलीशी बोला

बार्शीहून एका वडिलांनी लिहिलंय. खत-बियाण्याचं दुकान आहे. मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, सीए फाउंडेशनला ४०० पैकी १७१, आणि आता म्हणते फॉरेन्सिक ऑडिटमध्ये, म्हणजे हिशोबातली फसवणूक शोधून तिचा पुरावा मांडण्याच्या कामात, जायचंय. वडिलांच्या मते हे सीए टाळायचं निमित्त. सोबत मैत्रिणीशी झालेल्या तिच्या फोनचं रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सॲपचे सहा स्क्रीनशॉट जोडलेत, 'पुरावा' म्हणून. शेवटी विचारलंय, फॉरेन्सिक रिपोर्ट आला की आरोपी थेट आत जातो, एवढी पॉवर खरंच असते का?

दादा, मार्कांचं नंतर बघू. ते रेकॉर्डिंग मी ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. पहिला स्क्रीनशॉट उघडला, मैत्रिणीचा फोटो दिसला, तिथेच थांबले आणि सगळं डिलीट केलं. तुमची मुलगी वीस वर्षांची आहे, तिच्या फोनमध्ये तिला न सांगता ॲप टाकून तुम्ही तिचं बोलणं ऐकताय, हे वाचून मला खरंच भीती वाटली. तुम्हीच लिहिलंय की त्या फोनवर ती मैत्रिणीला म्हणाली, 'पप्पांना सांगायचं कसं तेच कळत नाही.' तुम्हाला त्यात आळस दिसला. मला त्यात एक घाबरलेली पोर ऐकू येते जिला घरात बोलायला जागा नाही.

आणि बघा ना, ती ज्या क्षेत्राचं नाव घेतेय तिथे सुद्धा असं चालत नाही. मार्च २०२३ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कर्जदाराचं खातं फ्रॉड ठरवण्याआधी त्याला नोटीस द्या, फॉरेन्सिक ऑडिटमध्ये काय निघालं ते दाखवा, त्याचं म्हणणं ऐका. जुलै २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उत्तरासाठी कमीत कमी २१ दिवस ठरवून दिले. अनोळखी कर्जदाराला एकवीस दिवस मिळतात, तुमच्या लेकीला तुम्ही एकवीस मिनिटं दिली नाहीत.

आता तुमचा गैरसमज. फॉरेन्सिक ऑडिट रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे, ते एका जाणकाराचं मत. फौजदारी खटल्यात तो ऑडिटर साक्षीला उभा राहतो, समोरचा वकील त्याची उलटतपासणी घेतो, आणि आकडे कुठल्या कॉम्प्युटरमधून कधी आणि कसे घेतले इथपासून प्रश्न सुरू होतात. आपल्या जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद आठवा, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही हे ऑफिसच्या कॅमेऱ्यात होतं, तरी रेकॉर्डिंगसोबत द्यायच्या सर्टिफिकेटवरून, म्हणजे ते कुठल्या उपकरणातून कसं आलं हे सांगणाऱ्या दाखल्यावरून, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२० मध्ये कोर्ट म्हणालं, मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर सर्टिफिकेट हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा, फाइलमधल्या मजकुरावरून कॉम्प्युटर काढतो ती अक्षर-आकड्यांची ओळ. टॅलीच्या बॅकअपमध्ये एका व्हाउचरचा एक आकडा बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते, आणि वकील तेवढंच धरून बसतो. तर काम हे असं आहे, पॉवर कमी आणि चिकाटी जास्त, महिनोन् महिने व्हाउचर जुळवत बसायचं.

कोर्सचं एका ओळीत सांगते, सीए झाली तर इन्स्टिट्यूटचा फॉरेन्सिक अकाउंटिंगचा सर्टिफिकेट कोर्स आहे, नाहीतर सीएफई, म्हणजे फसवणूक तपासणाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट, नाहीतर गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी. सीए असेल तर या कामात वजन राहतं, तेवढं तुमचं बरोबर आहे. पण पास व्हायला २०० लागतात, ती २९ ने कमी पडली, आणि पुन्हा बसायचं की नाही हे तिने ठरवायचं, तुम्ही नाही.

मी सांगेन ते आधी करा. ते ॲप आज काढा, काढलं हे तिला सांगा, आणि टाकलं होतं हेही सांगा. ती चिडेल, बोलू द्या. मग चार-आठ दिवसांनी, तिची इच्छा असेल तरच, दुकानाचं एक काम तिच्या हाती द्या, खतविक्रीच्या पॉस मशीनवरचा युरियाचा स्टॉक, टॅलीतला आकडा आणि गोडाऊनमधली पोती, तिन्ही जुळवून फरक कुठून आला ते तारखेनिशी लिहून दे म्हणावं. चार संध्याकाळी ती त्यात रमली तर तिला हे काम आवडतंय, आणि कंटाळली तर तिचं तिलाच कळेल.

पुढचं पत्र मात्र तिचं येऊ द्या, तिने स्वतः लिहिलेलं आणि तिच्या स्वतःच्या मेलवरून.