केबिनच्या खिडकीतून : उजवीकडचं स्टिअरिंग आणि सहा दिवसांची थाप

मागच्या महिन्यात एका उत्तराच्या शेवटी मी ‘डीटूर’ ह्या १९४५ सालच्या अमेरिकी गुन्हेपटाचं नुसतं नाव घेतलं होतं. तेवढ्यावर सात पत्रं आली. तिघांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आहे. गुडघे बरे आहेत. उरलेल्या चौघांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : तुमच्या सांगण्यावरून ‘डीटूर’ पाहिला, आवडला. अमेरिकेतल्या नातवालाही बघायला लावला. त्यानं फोनवर विचारलं, “आजोबा, गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे कसं?” मला काहीच वावगं दिसलं नव्हतं. परत लावून पाहिलं तर पोराचं खरं निघालं. हा चित्रपट इंग्लंडात काढला होता का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : इंग्लंडचा काही संबंध नाही. सगळा कारभार कॅलिफोर्नियातला. पण तुम्ही डोळ्यांना दोष देऊ नका. उजव्या हाताला स्टिअरिंग आणि डाव्या बाजूनं गाड्या हेच आपण जन्मभर बघत आलो. त्यामुळे अमेरिकी माणसाच्या दाताखाली जो खडा येतो, तो आपल्याकडे घासाबरोबर खाली उतरतो. पहिल्या खेपेला मलाही तो लागला नाही, आणि मी तर अडतीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये, प्रोजेक्टर चालवत काढली आहेत.

त्या काही तुकड्यांत चित्राची निगेटिव्ह पालथी करून छापली आहे. आरशात बघावं तसं सगळं उलटं. आता हे का करावं? नायक निघालाय न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला. नकाशात न्यूयॉर्क उजव्या हाताला, लॉस एंजेलिस डाव्या हाताला, आणि तो नकाशा मध्ये पडद्यावरही येतो. मग माणूसही उजवीकडून डावीकडेच सरकायला हवा, नाहीतर तो दमून परत घरी निघाला असं वाटेल. जाणकार खुलासा करतात तो हाच. मोठी कंपनी असती तर लवाजमा घेऊन पुन्हा रस्त्यावर गेली असती. इथे फिल्म पालथी केली, दिशा जुळवली आणि पुढच्या कामाला लागले. गाड्या मात्र चुकीच्या बाजूनं धावू लागल्या, आणि लिफ्ट मागणारा नायक अमेरिकी प्रेक्षकाला ड्रायव्हरच्या दारानं आत शिरताना दिसू लागला.

पालथी फिल्म म्हणजे आमच्या धंद्यात मोठा गुन्हा. उमेदवारीत असताना मी तो एकदा केला. रीळ परत गुंडाळताना पीळ राहिला आणि तशीच मशीनला चढवली. पडद्यावर नावं उलटी आणि संवाद गायब, कारण आवाजाची पट्टी फिल्मच्या एका कडेला असते आणि ती वाचणारा दिवा दुसऱ्याच कडेकडे बघत बसलेला. खालून शिट्ट्या, वर मी घामाघूम. त्या दिवसाचा पगार कापला गेला. म्हणून हा चित्रपट बघताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो असा, की चित्र पालथं असून ह्यांचा आवाज शाबूत कसा? तर चित्राची निगेटिव्ह वेगळी असते, आवाजाची वेगळी. प्रत छापताना दोन्ही शेजारी येतात. चित्राला पालथं घाला, आवाजाला धक्का लागत नाही.

प्रश्न : मी तीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. “मी काही केलं नाही, आपोआप झालं” असे जबाब इतके टाइप केलेत की बोटांना पाठ झालेत. ह्या चित्रपटातला नायक दोन-दोन मृत्यूंबद्दल तेच सांगतो. आपण ते खरं मानावं अशी अपेक्षा आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, हा प्रश्न तुम्हीच विचारायला हवा होता. ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी जबाब नोंदवून घेऊ.

अल रॉबर्ट्स (टॉम नील) न्यूयॉर्कच्या एका क्लबात पियानो वाजवतो. तिथेच गाणारी त्याची मैत्रीण स्यू नशीब काढायला हॉलिवूडला जाते. खिशात दमडी नाही, म्हणून हा लिफ्ट मागत मागत तिच्यामागे निघतो. ॲरिझोनात हॅस्केल नावाचा, बरा पैसा बाळगून असलेला माणूस त्याला गाडीत घेतो. हॅस्केलच्या हातावर ओरखडे आहेत, आणि तो सारखी एका डबीतून गोळी मागून तोंडात टाकतो. रात्री अल गाडी चालवतोय, हॅस्केल शेजारी झोपलाय. पाऊस येतो. गाडीचं टप चढवायचं म्हणून अल त्याला हाका मारतो, तो उठत नाही. अल खाली उतरून त्याच्या बाजूचं दार उघडतो, तर हॅस्केल बाहेर कलंडतो आणि डोकं दगडावर आपटतं. मेला. पोलिसांना हे पटायचं नाही, म्हणून अल त्याचे कपडे, गाडी, लायसन आणि पाकिटातले ७६८ डॉलर घेऊन पुढे निघतो. आता त्याचंच नाव हॅस्केल.

पुढे एका पेट्रोल पंपापाशी उभ्या असलेल्या बाईला तो गाडीत घेतो. ही व्हेरा. ती जरा डोळा लावते, मग एकदम ताठ बसून विचारते, ह्या गाडीच्या खऱ्या मालकाचं प्रेत कुठे टाकलंस? ते ओरखडे तिनेच काढलेले होते! ती आधी त्याच गाडीत बसून आली होती. तिथून पुढे अल तिच्या मुठीत. हॉलिवूडमध्ये नवरा-बायको म्हणून खोली भाड्यानं घेतात, गाडी विकायला जातात. तेवढ्यात हॅस्केलचा श्रीमंत बाप मरणपंथाला लागल्याची बातमी ती पेपरात वाचते. आता तू त्याचा मुलगा बनून जा, म्हणते. भांडण होतं. ती दारूच्या नशेत, पोलिसांना कळवते म्हणत, फोन घेऊन आतल्या खोलीत पळते, दाराला कडी घालते, पलंगावर पडते, वायर गळ्याभोवती. अल बाहेरून दाराखालची वायर ओढतो. फोन तुटावा म्हणून, म्हणे.

हे सगळं सांगतोय कोण, तर अल स्वतः. नेवाडातल्या रस्त्याकडेच्या एका खानावळीत कॉफीपुढे बसून. त्याचा चेहरा अंधारात जातो आणि उजेडाची एक पट्टी तेवढी डोळ्यांवर राहते. दुसरा साक्षीदार नाही. ज्यांची साक्ष काढावी ते दोघेही मेलेले.

माझा निकाल विचाराल तर हॅस्केलच्या बाबतीत मी अलला संशयाचा फायदा देतो. त्या गोळ्या उगीच दाखवलेल्या नाहीत. माणूस आतून पोखरलेला होता. व्हेराच्या बाबतीत देत नाही. ताणलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाला लाकूड आहे की माणूस, हे हाताला कळतं. शिवाय हा गडी दर पाच मिनिटांनी नशिबावर खापर फोडतो. हॅस्केलचं पाकीट घेताना नशीब नव्हतं, स्वतःचाच हात होता.

पण त्याच्या खरेखोटेपणापेक्षा मी व्हेरासाठी हा चित्रपट परत परत बघतो. ॲन सॅव्हेज तेव्हा चोवीस वर्षांची होती. अर्धा चित्रपट झाल्यावर येते आणि उरलेला अर्धा खिशात घालून जाते. ह्या जातीच्या चित्रपटांतल्या बायका गोड बोलून गळा कापतात. ही गोड बोलायच्या भानगडीतच पडत नाही. केस विस्कटलेले, खोकला लागलेला, आणि तोंडाचा पट्टा असा की अलबरोबर आपणही सीटवर आक्रसतो.

ती मेल्यावरचा एक शॉट बघा. कॅमेरा न थांबता खोलीभर फिरतो. एकेक वस्तू धूसर होते, स्पष्ट होते, पुन्हा धूसर. पहिल्यांदा बघताना माझा हात आपोआप पुढे गेला, फोकसची कळ फिरवायला! आमच्या टॉकीजमध्ये लागला असता तर खालून आरोळी आली असती, “ए ऑपरेटर, फोकस!” अलच्या डोक्यात काय चाललंय ते एवढ्या एका शॉटमध्ये, एकही पैसा जास्त न घालवता दाखवलं आहे.

शेवटाबद्दल एक सांगायचं राहिलं. त्या काळी हॉलिवूडच्या सेन्सॉर संहितेनुसार गुन्हेगार सुटून चालत नसे. म्हणून अल रस्त्यानं चाललाय, पोलिसांची गाडी येते, तो आत बसतो. पण त्याचं निवेदन ऐका. कधीतरी एक गाडी थांबेल, न मागता मला उचलून नेईल, असं तो म्हणत असतो. म्हणजे घडतंय की घडेल? तुमच्या टाइपरायटरवर हे वाक्य कुठल्या काळात घेतलं असतं?

प्रश्न : ‘डीटूर’ सहा दिवसांत आणि वीस हजार डॉलरमध्ये झाला, असं आमचे सर वर्गात सांगतात. खरं आहे का? आमची अठरा मिनिटांची शॉर्टफिल्म दोन वर्षं रखडली आहे. (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : खरं नाही, पण सरांना दोष देऊ नका. सहा दिवसांची गोष्ट दिग्दर्शक एडगर जी. उल्मर ह्यांनीच सांगितली होती. पुढे त्यांच्या मुलीनं २००४ सालच्या एका माहितीपटात पटकथेचं पहिलं पान दाखवलं. त्यावर १४ जून ते २९ जून १९४५ अशा तारखा आणि ‘कॅमेऱ्याचे दिवस १४’ अशी नोंद. ॲन सॅव्हेजच्या आठवणीप्रमाणे तर सहा-सहा दिवसांचे चार आठवडे लागले, आणि वर कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरच्या वाळवंटातले चार दिवस. खर्चाचं म्हणाल तर अभ्यासकांनी कागद धुंडाळले तेव्हा आकडा एक लाख डॉलरच्या आसपास निघाला.

उल्मर हा माणूस गोष्टीवेल्हाळ. मिरजेच्या ताईंनी त्याचाही जबाब घ्यायला हवा होता. १९०४ साली ओलोमोउत्स इथे जन्म (तेव्हाचं ऑस्ट्रिया-हंगेरी, आताचं चेक प्रजासत्ताक), वाढला व्हिएन्नात. १९३४ साली युनिव्हर्सल स्टुडिओसाठी त्यानं एक भयपट केला, तो चाललाही. पण शर्ली नावाच्या बाईच्या प्रेमात पडला, आणि ती निघाली मालक कार्ल लेम्ली ह्यांच्या भाच्याची बायको. झालं! मोठ्या स्टुडिओंची दारं बंद. शर्ली मात्र त्याच्याबरोबर आली, लग्न केलं आणि पुढे त्याच्या सेटवर पटकथेची वही सांभाळत राहिली. न्यूयॉर्कला जाऊन त्यानं यिडिश भाषेत चित्रपट काढले, युक्रेनी भाषेत काढले, आणि शेवटी पी.आर.सी. नावाच्या कंपनीत येऊन पडला.

पी.आर.सी. म्हणजे हॉलिवूडच्या ‘पॉव्हर्टी रो’मधलं, दरिद्री आळीतलं, तळाचं घर. तिथला हिशोब समजून घ्या, तुमच्या शॉर्टफिल्मला उपयोगी पडेल. तेव्हा एका तिकिटात दोन चित्रपट असत. मुख्य चित्रपटाच्या गल्ल्यात कंपनीचा टक्का असे. जोडीच्या चित्रपटाला, म्हणजे पी.आर.सी.च्या मालाला, ठरलेलं भाडं मिळे. घर भरो की ओस पडो, रक्कम तीच. म्हणजे जास्त खर्च करून फायदा शून्य. अशा ठिकाणी चांगलं काम करायचं तर ते फक्त स्वतःच्या खाजेनंच होतं.

आणि ती खाज दिसते. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत? धुकं सोडा. एक दिव्याचा खांब, रस्त्याच्या नावाची एक पाटी, आणि त्यातून अल आणि स्यू चालत जातात. स्वस्तात काम झालं, पण ह्या दोघांना पुढचं काही दिसत नाही हेही त्यात आलं. अर्धा चित्रपट गाडीत घडतो, ती गाडी स्टुडिओत उभी आहे आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळतोय. त्या पडद्याच्या पाठीमागे मशीन असतं आणि मशीनपाशी माझ्यासारखाच एक ऑपरेटर. त्याचं नाव कुठल्याही श्रेयनामावलीत सापडायचं नाही, म्हणून इथे आठवण काढली.

पाठ करायचंच असेल तर सहा दिवस नको, चौदा दिवस पाठ करा. दोन वर्षं रखडलेल्याला तेही पुरेसं लाजवणारं आहे. मूळ कादंबरी १९३९ सालची. ती लिहिणाऱ्या मार्टिन गोल्डस्मिथ ह्यांनीच पटकथा लिहिली. तुमची शॉर्टफिल्म बहुतेक पटकथेपाशीच अडली असणार.

प्रश्न : ह्या चित्रपटाला ‘फिल्म नुआर’ म्हणतात ते का? आणि इंटरनेटवर दहा प्रती दिसतात, त्यातली कुठली बघावी? घरच्यांबरोबर चालेल? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : ‘नुआर’ म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. नीनो फ्रँक नावाच्या समीक्षकानं १९४६ साली पॅरिसमध्ये नव्यानं आलेल्या अमेरिकी गुन्हेपटांना उद्देशून तो शब्द वापरला. काढणाऱ्यांना आपण नुआर काढतोय ह्याचा पत्ताच नव्हता. उल्मरनं हा संपवला तेव्हा ते नाव रूढ व्हायचं होतं.

प्रतींचं म्हणाल तर ह्या चित्रपटाचे हक्क वेळेवर नूतन केले गेले नाहीत, म्हणून ज्याला वाटेल त्यानं प्रतीवरून प्रत काढली. अशा प्रतीत चेहरे पिठल्यात बुडवल्यासारखे दिसतात. २०१८ साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या चित्रपट-संग्रहानं आणि जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म फाउंडेशननं बेल्जियममधल्या संग्रहातली प्रत हाताशी घेऊन तो नीट दुरुस्त केला. तीच आवृत्ती शोधा. अलच्या डोळ्यांवरची उजेडाची पट्टी तिथे पट्टीसारखी दिसते. घरच्यांबरोबर चालेल, फक्त ६८ मिनिटं आहेत. कुकर लावून बसू नका, उठावंसं वाटत नाही.

आणि डोंबिवलीकर, नातवाला कळवा, नव्या प्रतीतही स्टिअरिंग उजवीकडेच ठेवलं आहे.