पहिल्या इंजेक्शननंतरचे २८ दिवस

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा नीट वाचला. गडचिरोलीच्या भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत लहान मुलांचे हिवतापानं होणारे मृत्यू कमी करायचे, त्यासाठी औषधांचा साठा, आशांचं प्रशिक्षण, उपकेंद्रांना हिवताप तपासायचं किट आणि मोबाइलवर नोंदी. यातलं काहीच चुकीचं नाही. पण अख्ख्या आराखड्यात मूल एकदाच भेटतं, औषध घेताना. त्याआधी ते कुठे होतं आणि नंतर कुठे गेलं, याबद्दल एक ओळही नाही. मी लिहिणार आहे ते तेवढ्याचबद्दल. बाकीचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी, लहान मुलांना फार वेळ देत नाही. सकाळी अंगणात खेळणारं पोर संध्याकाळी फणफणतं आणि दुसऱ्या रात्री झटके येऊन बेशुद्ध पडलेलं असतं. साखर उतरते, हिमोग्लोबिन ५ च्या खाली जातं, श्वास खोल आणि भराभर चालतो. दवाखान्यात पोचूनही जी मुलं दगावतात, त्यांतली बरीच पहिल्या २४ तासांतच जातात. आता हे तास भामरागडच्या पावसाळ्यात मोजून बघ. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की आल्लापल्लीकडचा रस्ता बंद. जिल्ह्याचं ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. आतल्या टोल्यांवरून, म्हणजे लहान वस्त्यांवरून, आजही खाटेची कावड करून रुग्ण आणतात, आणि नाला भरलेला असला तर काठावर बसून पाणी ओसरायची वाट पाहतात. तापाचा जोरही नेमका तेव्हाच, रोवणीपासून धान घरात येईपर्यंत.

औषधाबद्दल आता वाद नाही. २०१० मध्ये आफ्रिकेतल्या ९ देशांमधल्या गंभीर हिवतापाच्या ५,४२५ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जुनं क्विनीन दिलेल्या मुलांपैकी १०.९ टक्के दगावली, आर्टेसुनेटचं इंजेक्शन दिलेल्यांपैकी ८.५ टक्के. प्रश्न राहिला तो इंजेक्शनपर्यंत पोचूच न शकणाऱ्या मुलांचा. त्यांच्यासाठी गुदद्वारातून द्यायची १०० मिलिग्रॅमची आर्टेसुनेट कॅप्सूल होती. घाना, टांझानिया आणि बांगलादेशातल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. दवाखाना गाठायला ज्या मुलांना ६ तासांहून जास्त लागले, त्यांच्यातले मृत्यू आणि कायमचं अपंगत्व जवळपास निम्म्यावर आलं होतं. २०१८ मध्ये सिप्ला आणि स्ट्राइड्स या आपल्याच दोन कंपन्यांच्या कॅप्सूलना जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. वापर सोपा: ६ वर्षांखालचं मूल, एकच मात्रा आणि लगेच दवाखान्याकडे रवानगी.

मग काँगो, नायजेरिया आणि युगांडात ती कॅप्सूल नेहमीच्या सरकारी यंत्रणेतून गावोगाव देण्याचा मोठा प्रकल्प झाला, कॅरामल नावाचा. त्याची माणसं मुलांचा २८ दिवस पाठपुरावा करत होती, आणि म्हणूनच त्यांना खरं काय ते दिसलं. मृत्यू अपेक्षेप्रमाणे घटले नव्हते. कॅप्सूल मिळालेली बरीच मुलं पुढे दवाखान्यात गेलीच नाहीत. जी गेली, त्यांतल्या अनेकांना इंजेक्शननंतर एसीटीच्या, म्हणजे आर्टेमिसिनिनवर आधारित मिश्र औषधाच्या, ३ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या नाहीत किंवा पूर्ण झाल्या नाहीत. नुसतं आर्टेसुनेट दिलं की परजीवी झपाट्यानं कमी होतात, ताप उतरतो, पोर डोळे उघडतं आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. उरलेले परजीवी मग आपलं काम करतात. २०२२ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेनं देशांना सांगितलं की आणखी विस्तार सध्या थांबवा. पुढे २०२३ मध्ये अटींसह वाट पुन्हा मोकळी केली. त्या अटींचं सार इतकंच, की मागे दवाखाना चालू असेल तरच ही कॅप्सूल द्या.

याच्या उलट उदाहरण झांबियातल्या सेरेंजे जिल्ह्याचं. कॅप्सूल तीच. पण तिथे गावातल्या स्वयंसेवकांना धोक्याची लक्षणं शिकवली होती, सायकलला जोडलेल्या रुग्णवाहिका होत्या, आणि मूल पाठवल्यावर ते पोचलं का, परत आलं का, हे गाव स्वतः विचारत होतं. नोंदलेल्या गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ८ टक्क्यांवरून पाव टक्क्यावर आलं. हा आकडा तुझ्या अर्जात उद्दिष्ट म्हणून मात्र लिहू नकोस. छोट्या क्षेत्रातलं, सतत लक्ष असलेलं काम होतं ते. तसा आकडा दोन तालुक्यांत मिळत नाही.

आपल्याकडे कॅप्सूल आणायची की नाही हे तू ठरवणार नाहीस. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सूचना आणि जिल्हा हिवताप अधिकारी यांच्या चौकटीतच काम करायचं. आणि खरं सांगायचं तर, जिथे टोचणारं माणूस आहे तिथे मांडीतलं आर्टेसुनेटचं इंजेक्शन कॅप्सूलपेक्षा उजवंच. तुझं काम त्या पहिल्या मात्रेच्या दोन्ही बाजूंना आहे.

म्हणून प्रशिक्षणाच्या आधी एक गोष्ट कर. गेल्या हंगामात या गावांमधून तापानं गेलेल्या मुलांच्या घरी जा. सोबत माडिया, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा, बोलणारी बाई हवी, आणि ती दुभाषी म्हणून मागे बसलेली नको. प्रश्न तिनंच विचारायचे, तू ऐकायचं. हातात फॉर्म नको. ताप कुठल्या वेळी जाणवला, पहिल्यांदा कोणाला दाखवलं, किट होतं का, पहिली गोळी कधी, गाव कधी सोडलं, वाटेत कुठे थांबावं लागलं, दवाखान्यात पहिल्या तासात काय झालं, घरी कधी आणलं. प्रत्येक मुलाची अशी तासांची रेघ कागदावर काढ. सगळ्या रेघा शेजारी ठेवल्यास की वेळ नेमका कुठे गेला ते दिसेल, आणि ती जागा बहुधा तुझ्या आराखड्यात नसेल.

माझा अनुभव असा, की वेळ रस्त्यापेक्षा उंबरठ्यावर जास्त जातो. घर सोडायचं की नाही, हे ठरण्यात. आई निघाली तर घरी दुसरं अंगावर पिणारं. बाप निघाला तर रोवणी एकट्या म्हाताऱ्यांवर. दवाखान्यात भाषा परकी, वॉर्डात बरोबरच्या माणसाच्या जेवणाचं काय ते कोणी सांगत नाही. आणि एक धास्ती अशी, जी सहसा बोलून दाखवली जात नाही: मूल तिकडेच गेलं तर त्याला परत कसं आणायचं? जाण्यासाठी १०८ मिळते, पण येताना? तुझ्या खर्चाच्या पत्रकात नेण्याचं भाडं आहे, ते सगळेच धरतात. परतीचं धर, दोन्ही प्रकारच्या परतीचं. बरोबरच्या दोन माणसांचं जेवण धर. पैसे देणारे विचारतील, याचा हिवतापाशी काय संबंध? त्यांना त्या रेघा दाखव.

पुजाऱ्याबद्दल, म्हणजे गावात पूजा करून उपचार करणाऱ्याबद्दल, तू जरा घाईनं लिहिलं आहेस. अनेक टोल्यांवर आशाच्या आधी मूल तो बघतो, म्हणजे धोक्याची लक्षणं पहिल्यांदा दिसतात ती त्यालाच. त्याच्याकडून उपचार बंद करण्याचं वचन मागू नकोस. देईल आणि पाळणार नाही. मागणं छोटं ठेव. मूल गिळत नसेल, उठून बसत नसेल, झटके आले असतील किंवा हाका मारून ओ देत नसेल, तर त्यानंच सांगायचं की खाट बांधा. पूजा वाटेत चालू राहिली तरी आपलं काही बिघडत नाही.

आता दवाखान्याकडे. मात्रा तुला पाठ आहेत: २० किलोखाली दर किलोला ३ मिलिग्रॅम, त्यावर २.४, ० तासाला, १२ आणि २४ तासांनी, मग रोज एक, तोंडानं औषध घेता येईपर्यंत. पण संध्याकाळी सहाला दाखल झालेल्या मुलाची दुसरी मात्रा पहाटे सहाला येते आणि दुपारी दोनला आलेल्याची रात्री दोनला. त्या वेळी कोण जागं असतं? त्या नर्सला विचार, की पूड विरघळवायचं सोडियम बायकार्बोनेट कुठे ठेवलंय. एका खोक्यातून आलेल्या दोन कुप्या दोन कपाटांत गेल्याचं मी पुष्कळदा पाहिलंय. ग्लुकोमीटर असतो, पट्ट्या संपलेल्या असतात. बेशुद्ध मुलाची साखर ४० च्या खाली असू शकते, आणि ती तपासता येत नसेल तर कमी आहे असं धरूनच चालायचं. शिरेतून देता येत नसेल तर चमचाभर साखर ओली करून जिभेखाली ठेवणं हे उपकेंद्रातसुद्धा जमतं. पाठवतानाच ते व्हायला हवं.

सलाइनबाबत सावध राहा. २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या ३,१४१ गंभीर आजारी मुलांवरच्या चाचणीत, भराभर सलाइन चढवलेल्या मुलांमध्ये ४८ तासांत १०.५ टक्के मृत्यू झाले आणि न चढवलेल्यांमध्ये ७.३ टक्के. आपल्याकडे मात्र बाटली लावली नाही तर काहीच केलं नाही असं नातेवाइकांना वाटतं, आणि खरं तर डॉक्टरांनाही. हे प्रशिक्षणात तासभर बोलण्यासारखं आहे. चढवायला रक्त कुठून आणायचं, याचं उत्तर मात्र प्रशिक्षणात नाही. या जिल्ह्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे पांढरंफटक पडलेलं मूल दिसलं की हिवतापाबरोबर तोही विचार डोक्यात हवा. तालुक्याच्या जवळ रक्तसाठा केंद्र चालू आहे का, पावसात तिथे रक्त कसं पोचतं, हे मे महिन्यात स्वतः जाऊन बघ. आणि किटवर रेघ उमटली म्हणून शोध थांबवू नकोस. उपचार झाल्यावरही ते किट कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतं. मान ताठ असलेल्या मुलाला मेंदूज्वर असेल तर आर्टेसुनेटनं तो बरा होणार नाही.

घरी सोडताना गोळ्यांचा पहिला डोस वॉर्डातच, नर्सच्या समोर. उरलेले आशाच्या हाती, तिला फोन करून. आर्टेसुनेटच्या इंजेक्शननंतर काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी रक्तपेशी फुटून हिमोग्लोबिन पुन्हा उतरतं, म्हणून ७ व्या, १४ व्या आणि २८ व्या दिवशी मूल प्रत्यक्ष बघायचं. फोनवर ‘बरं आहे’ हे उत्तर धरायचं नाही. तुझ्या मोबाइल ॲपमध्ये इतके रकाने आहेत; माझ्या मते हे तीन ठेव, बाकीचे निम्मे काढून टाक. आशा त्याबद्दल तुला दुवा देईल.

मृत्यूंच्या नोंदीबद्दल तुला कोणी आधी सांगणार नाही, म्हणून सांगतो. जिथे प्रत्येक मृत्यूमागे खुलासा मागणारी नोटीस येते, तिथे मूल ‘अन्य कारणानं’ जातं किंवा ‘घरी’ जातं. तू नीट मोजायला लागलं की पहिल्या वर्षी मृत्यू वाढलेले दिसतील. हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, जिल्ह्याला आणि पैसे देणाऱ्यांना आधीच लेखी कळव. नंतर सांगितलंस तर ती सबब वाटेल. आढावा बैठकीत नावं घ्यायची नाहीत, रेघ समोर ठेवायची. एखाद्या नर्सला सगळ्यांसमोर झापलं गेलं, तर तो हंगाम संपला असं समज. पुढची खरी नोंद तुला मिळणार नाही.

मच्छरदाण्या, फवारणी, आश्रमशाळांमधल्या तपासण्या या तुझ्या कक्षेबाहेर आहेत. पण इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये २०२० पासून घरोघरी सगळ्यांचं रक्त तपासण्याची मोहीम चालली, लक्षणं नसलेल्यांचंसुद्धा. लोकांची सोयरीक नदीच्या दोन्ही काठांवर आहे आणि पलीकडची मुलंही तुझ्याच केंद्रावर येतील. त्यांचा पाठपुरावा कोण करणार, हे तिकडच्या मितानिनशी, म्हणजे छत्तीसगडच्या आशांसारख्या गावच्या आरोग्यसेविकेशी, बोलून पाऊस लागण्याआधी ठरव.

हेमलकशाला लोकबिरादरीच्या दवाखान्यात थोडे दिवस राहून ये. १९७३ पासून ते याच भागात आहेत. सल्ला विचारू नकोस, ओपीडीत बसून बघ, आणि जमलं तर त्यांच्याकडे दाखल झालेल्या मुलांचे आई-वडील रात्री कुठे झोपतात तेही बघ.

जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुलापलीकडच्या सगळ्या केंद्रांवर ३ महिन्यांचा साठा पोचला पाहिजे: आर्टेसुनेट, बायकार्बोनेट, एसीटी, डेक्स्ट्रोज, पट्ट्या. सही घेऊन ये, पण खोकं उघडून मुदतीची तारीख वाचल्याशिवाय घेऊ नकोस. पहिल्या १० मुलांच्या २८ दिवसांच्या नोंदी पूर्ण झाल्या की मला पाठव, मग प्रशिक्षणात काय शिकवायचं ते बोलू.

तुझा,
एक निवृत्त तालुका आरोग्य अधिकारी