टीएसएच वाढलाय तर थायरॉइडची गोळी कमी करायला नको का? आणि आयुष्यभर घ्यावी लागते का?

ताई, तुम्ही लिहिलंय की टीएसएच १८ आलाय, फ्री टी४ कमी आलाय, डॉक्टरांनी ५० ची गोळी दिली आणि सासूबाई म्हणताहेत की आधीच थायरॉइड वाढलाय मग परत त्याचीच गोळी कशाला, सवय लागेल. वजन वाढल्याचंही विचारलंय. मी डॉक्टर नाही, अमळनेर तालुक्यात मेडिकलवर बसतो, चौदाएक वर्षं झाली, आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी काउंटरवर येतोच.

"थायरॉइड वाढलाय" या बोलण्यातच सगळा घोळ आहे. टीएसएच नावाचा हार्मोन थायरॉइडमधून निघतच नाही. तो निघतो मेंदूच्या खाली लोंबणाऱ्या पिट्युटरी नावाच्या ग्रंथीतून, जेमतेम वाटाण्याएवढी असते. आता शेतावरचा मालक आणि सालदार धरा. थायरॉइड म्हणजे सालदार, गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखा पसरलेला, त्याचं काम टी४ आणि टी३ हे हार्मोन बनवायचं (फ्री टी४ म्हणजे त्यातला रक्तात मोकळा फिरणारा टी४). पिट्युटरी म्हणजे बांधावर उभा मालक आणि टीएसएच म्हणजे त्याचं ओरडणं. सालदार ढिला पडला की मालक ओरडतो, तरी काम होत नाही मग अजून ओरडतो, तुमचं १८ म्हणजे तेच ओरडणं आहे. काम जास्त झालेलं नाहीये, कमी झालंय. उलट सालदार रात्रंदिवस पिसाटल्यासारखा राबायला लागला तर मालक गप्प बसतो, तेव्हा टीएसएच ०.०१ वगैरे येतो, तो हायपर, म्हणजे थायरॉइडचं काम जास्त, त्याची औषधं पूर्ण वेगळी. (मालकाच्याही वर हायपोथॅलॅमस नावाचा एक म्हातारा बसलेला असतो, पण रिपोर्टात त्याचं नाव येत नाही, सोडा.)

म्हणून गोळीने टी४ भरून काढायचा, मालक आपोआप शांत होतो. सवय लागण्यासारखं त्यात काही नाही, शरीर जे बनवतं तेच रसायन गोळीत आहे. आणि ५० म्हणजे मायक्रोग्रॅम हं, मिलिग्रॅम नाही, एका मिलिग्रॅममध्ये अशा वीस गोळ्या बसतील.

आता माझ्या घरचं सांगतो, दिव्याखाली अंधार कसा असतो ते. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, बाहेर पारा ४४ ला, पत्र्याचं घर, आणि माय म्हणायची "भाऊ, कूलर बंद कर रे, माले थंडी वाजी ऱ्हायनी". आम्ही हसायचो. वय झालं म्हणायचो. त्यात तिचे मांडे बंद झाले होते, जी बाई परातीएवढा मांडा हातावर फिरवून खापरावर टाकायची ती म्हणायची हात उचलत नाही. बहीण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आली, दारातच थांबली आणि म्हणाली, "माय, तुना आवाज असा काब्र व्हई गया?" आवाज घोगरा, चेहरा सुजल्यासारखा, कातडी कोरडी खरखरीत, भुवयांचे केस बाहेरच्या बाजूने गेलेले. रोज बघणाऱ्याला दिसत नाही, वर्षाने येणाऱ्याला दिसतं. टीएसएच निघाला ६२. आणि मी रोज त्याच गोळ्यांच्या बाटल्या विकतो!

डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, मग २५ नेच सुरुवात केली, म्हाताऱ्या माणसाला एकदम मोठा डोस दिला तर हृदयावर ताण येतो म्हणून हळूहळू ५०, ७५. पण चार महिन्यांनीही टीएसएच १४ च्या खाली येईना. डॉक्टर डोस वाढवायच्या विचारात होते, मी एका सकाळी पाचला उठलो तर बघतो, माय चुलीजवळ बसून दुधाच्या चहाबरोबर गोळी गिळतेय आणि लगेच मागून गुडघ्यासाठीची कॅल्शियमची गोळी. सगळा प्रकार तिथेच कळला. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ह्या टी४ ला पोटातच धरून ठेवतात, रक्तात जाऊच देत नाहीत, चहाकॉफीनेही फरक पडतो. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर नेलं, थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या पाऊण तासाने (यावर पहिले आठ दिवस घरात महाभारत झालं). डोस न वाढवता सहा आठवड्यांनी ३.४.

तुम्हीही पहिली गोष्ट हीच करा. रक्त वाढायच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर मध्ये चार तास ठेवा. दर आठवड्याला टेस्ट करू नका, पैसे जातात फक्त, कारण टी४ रक्तात अर्धा व्हायलाच सात दिवस घेतो, नवीन डोसचा खरा आकडा सहाएक आठवड्यांनीच कळतो. म्हणूनच एखाद दिवस विसरलात तर आभाळ कोसळत नाही, पण बरं वाटलं म्हणून महिनाभर बंद केली की मालक परत बांधावर. आणि बाटली खिडकीत, गॅसजवळ ठेवू नका, ही गोळी उष्णतेने खराब होते आणि आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीय.

आयुष्यभर का, तर ते कारणावर आहे. आपल्याकडे आता बहुतेकांचं कारण हाशिमोतो निघतं, हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये ते पहिल्यांदा लिहिलं, यात शरीराचीच संरक्षण यंत्रणा थायरॉइडवर उलटते, अँटी टीपीओ नावाच्या रक्ताच्या टेस्टमध्ये दिसतं. तसं असेल तर गोळी बहुतेक कायमचीच. बाळंतपणानंतर काही बायकांना होतं ते मात्र वर्षभरात बऱ्याचदा निवळतं. आणि टीएसएच १० च्या आत, टी४ नॉर्मल असेल तर डॉक्टर कधीकधी गोळी न देता दोनतीन महिन्यांनी परत बघू म्हणतात. तुमचा टी४ कमी आहे त्यामुळे तो विषय इथे नाही.

सासूबाईंच्या पिढीच्या डोक्यात थायरॉइड म्हणजे गलगंड असतो, त्यांचंही चूक नाही. लहानपणी शिरपूरकडच्या बाजारात गळ्याला गोळा आलेल्या बाया मी पाहिल्यात. तो आयोडीनच्या कमतरतेचा, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, म्हणून सरकारने १९६२ पासून गलगंडाविरुद्ध कार्यक्रम चालवला आणि मिठात आयोडीन आलं. आता लोक हौसेने सैंधवावर जाताहेत, त्यात आयोडीन नसल्यातच जमा, माझं मत विचाराल तर ते उपवासापुरतंच ठेवा. पण हाशिमोतोत वरून आयोडीनचे थेंब किंवा गोळ्या घ्यायच्या नाहीत, बिघडू शकतं. कोबी फ्लॉवर बंद करायची गरज नाही, शिजवून खुशाल खा. वांग्याच्या भरताला तर कुणी मनाई केलेलीच नाही.

वजनाबद्दल विचारलंय, तर थायरॉइडमुळे वाढतं ते सहसा थोडे किलो आणि त्यातही बरंचसं पाणी. पंधरा किलो सगळं थायरॉइडच्या नावावर घालू नका, काउंटरवर हे बोललं की गिऱ्हाईक रागावतं, इथे बोलून घेतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण वय २९ लिहिलंय म्हणून. दिवस राहिले किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, पुढच्या तपासणीची वाट बघू नका. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड तयार नसते, ते आईच्याच टी४ वर चालतं आणि गोळीचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो. त्या काळात गोळी बंद करायला कुणीही सांगितलं, अगदी सासूबाईंनी सांगितलं तरी, आधी डॉक्टरांना फोन लावा. आणि केसांसाठी बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असाल तर टेस्टच्या दोनतीन दिवस आधी थांबवा, त्याने आकडे खोटे येतात, लॅबवाले विचारतीलच असं नाही.