यादीतलं शेवटचं नाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. क्लासवर गणित शिकवायला लागून तुला तीन महिने होतात न होतात तोच संचालकांनी सांगितलं, की रविवारच्या टेस्टचा निकाल पहिल्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत क्रमाने दारावर लावायचा. "सर, लावू का?" असं तू विचारलंस. नको लावूस. का, ते सांगण्यासाठी थोडं केंब्रिजला जाऊन येऊ.

'रँग्लर परांजपे' हे नाव तू फर्ग्युसनमध्ये असताना शंभरदा ऐकलं असशील. रँग्लर म्हणजे वाद घालणारा, हुज्जत घालणारा. जुन्या केंब्रिजमध्ये परीक्षा म्हणजे लॅटिनमधला तोंडी वाद असे. तिथे तीन पायांच्या स्टुलावर बसून एक जण उमेदवारांशी वाद घाली, आणि त्या स्टुलावरूनच परीक्षेला 'ट्रायपॉस' नाव पडलं असं मानतात. अठराव्या शतकात लेखी परीक्षा आली, वाद मागे पडला, पण गणितात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणणं तसंच राहिलं. पहिला येणारा सीनियर रँग्लर.

ही परीक्षा किती मोठी होती? १८५४ साली १६ पेपर, ८ दिवस, साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न. एवढं सोडवायचं तर वेग हवा, आणि वेग हवा तर घोटून घेणारा हवा. म्हणून मुलं प्राध्यापकांची व्याख्यानं सोडून पैसे भरून खासगी शिक्षकाकडे जात. त्या १८५४ मध्ये पहिला आलेला एडवर्ड राउथ पुढे असाच शिक्षक झाला आणि त्याच्या हाताखालून वीसहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. आपल्याकडच्या बॅचेस, टेस्ट सिरीज, 'हमखास येणारे प्रश्न' हे सगळं त्या गावाने दीडशे वर्षांपूर्वी करून पाहिलं आहे. आणि त्या वर्षी दुसरा कोण आला होता? जेम्स क्लर्क मॅक्सवेल. ज्याची समीकरणं तू एम.एस्सी.ला शिकलास, तो.

आता पदवीदानाचा दिवस डोळ्यांपुढे आण. सेनेट हाउसचं मोठं सभागृह, वर सज्जात दाटीवाटीने उभी मुलं, खाली एकेकाला पदवी दिली जातेय. ऑनर्सच्या, म्हणजे मानाच्या पदवीच्या, यादीत जो शेवटचा, तो पदवी घ्यायला पुढे आला की वरून मित्र दोरीने एक लाकडी पळी त्याच्यासमोर सोडत. पुढेपुढे ही पळी पाच फुटांपर्यंत लांब झाली. १९०९ साली ती सेंट जॉन्स कॉलेजच्या कथबर्ट होल्टहाउसला मिळाली. तो बोट वल्हवणारा गडी, म्हणून पळीचं तोंड वल्ह्याच्या पात्याचं केलं होतं आणि त्यावर ग्रीकमध्ये कोरलं होतं, की ही शेवटची पळी आहे, पाहणाऱ्याने अश्रू ढाळावा.

मला यात एकच गोष्ट टोचते. पळी मिळणारा नापास नसे. तो ऑनर्स झालेला असे. ज्यांनी ऑनर्सची वाट धरलीच नाही आणि साधी पदवी घेतली, ते कितीतरी जण त्याच्या मागे होते, पण त्यांना कुणी हसत नसे. यादी लावली की तिला शेवट येतो, आणि त्या शेवटाला एक माणूस उभा असतो. बाकी त्याचं काही चुकलेलं नसतं.

त्याच यादीत न मावलेलं एक नाव आहे. १८९० मध्ये न्यूनम कॉलेजच्या फिलिपा फॉसेट परीक्षेला बसल्या. बायकांना क्रमांक द्यायचा नाही, नुसतं कुणाच्या वर, कुणाच्या खाली एवढं सांगायचं असा नियम. त्यांच्याबद्दल वाचलं गेलं, "सीनियर रँग्लरच्या वर." पदवी मात्र नाहीच. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये, आणि त्याच वर्षी फिलिपाबाई गेल्या.

आपल्या परांजप्यांना १८९९ साली सीनियर रँग्लरचा मान दुसऱ्या एकाबरोबर विभागून मिळाला. कोकणातल्या मुर्डी गावचा हा मुलगा, कॉलेज सेंट जॉन्सच. त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी चौथा आलेला जी. एच. हार्डी हा गणिती पुढे या क्रमवारीच्या विरुद्ध उभा राहिला. क्रमांकाच्या शर्यतीत मुलं खरं गणित शिकतच नाहीत, असं त्याचं म्हणणं. अखेर १९०९ नंतर क्रम जाहीर करणं थांबलं. वर्ग तेवढे राहिले, आणि वर्गातली नावं अकारविल्हे. त्यानंतरही नावं वाचताना पहिल्या आलेल्याचं नाव आलं की वाचणारा टोपी किंचित उचलत असे. ही रीत मला फार आवडते. पहिल्याचा मान राहतो आणि शेवटचा कोण, हे ऐकणाऱ्यांना कळत नाही.

मी सातवीत असताना गुरुजी पेपर वाटायचे ते जास्त गुणांपासून कमी गुणांकडे. नाव पुकारलं की उठायचं. त्यांच्या हातातला गठ्ठा पातळ होत जायचा. शेवटी चार कागद उरले की आम्ही चौघं एकमेकांकडे पाहायचो नाही. एकदा शेवटचा कागद माझा होता. किती गुण होते ते मी विसरलो, पण तो एकटा कागद हातात धरलेले गुरुजी मला अजून दिसतात.

तेव्हा तू असं कर. संचालकांना सांग, की गुण ज्याच्या त्याच्या पालकांना फोनवर जातील आणि दारावर तीन गटांत अकारविल्हे नावं लागतील. ते ऐकले नाहीत तर निदान पहिली दहाच नावं लाव. पेपर देताना घडी घालून दे. चूक जिथे झाली तिथेच पेन्सिलने दोन शब्द लिही, वर लाल आकडा गिरवू नकोस. एवढ्याने तुझी नोकरी जाणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर मला कळव, मी संचालकांशी बोलेन.

आणि बेचाळिसाव्या आलेल्या मुलीबद्दल तू ओझरतं लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. मनोऱ्याची उंची काढायची होती, उन्नत कोन आधी ३०°, मग ४० मीटर जवळ गेल्यावर ६०°. तिने टॅन लावलाच नाही. ६० मधून ३० गेले की मनोऱ्याच्या टोकाशीही ३०च उरतात, म्हणजे त्रिकोण समद्विभुज, म्हणजे दुसऱ्या जागेपासून टोकापर्यंतचं तिरकं अंतरही ४०, आणि तिथून सरळ २०√३. बाकीच्या एकेचाळीस जणांपैकी हे कुणी केलं? वेळ संपला म्हणून तिचे पुढचे प्रश्न राहिले, असंही तूच लिहिलंस. तो कागद मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. ४० हा आकडा तिने कुठल्या रेघेवर आधी लिहिला, ते मला बघायचंय.

तुझा,
सर